साहेबाची गार खोली

यादी दोन पानांची होती. कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या बाईंनी ती हाताने लिहून दिली होती. शनिवारी सकाळी ताई ती पर्समध्ये टाकून निघाली, तेव्हा अप्पांनी तिला दारातून परत बोलावलं.

"भांडी जड घे. हलकी आणलीस तर घरभर वाजवत फिरेल."

ताई क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि महिन्याभरापूर्वीचं एक वाक्य सोडलं, तर या दोन वर्षांत अप्पांनी आपणहून काही सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. विचारलं तर हो, नाहीतर नाही. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास, नाही ठेवलं तर तेवढंही नाही. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, पण घरातली खुर्ची डुगडुगायला लागली तरी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हता. गुडघे गेलेले, हृदय नाजूक. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी कायम उशाशी.

आणि अशा माणसाने महिन्याभरापूर्वी, तपासणीहून परतताना, निवाऱ्याच्या फाटकाशी काठी टेकवून म्हटलं होतं, "हा आपल्याकडे येऊ दे."

हा म्हणजे एक हस्की, बर्फाळ मुलखातल्या जातीचा कुत्रा. राखाडी-पांढरा, दाट केसांचा, फिक्या निळ्या डोळ्यांचा. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारून गोंधळ घालत होती. हा एकटा बसून होता आणि अप्पांकडे बघत होता, एखादा वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसाकडे बघतो तसा. अप्पांनी तिथेच त्याचं नाव ठेवलं. साहेब.

ताईला कुत्र्यांची सवय नव्हती. एका प्रयोगशाळेत ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेण, प्लास्टर आणि लोकांच्या जबड्यांचे साचे, यातच तिची पंचवीस वर्षं गेली होती. गल्ली तिला दातवाल्या ताई म्हणायची. लग्न झालं नाही, त्याचं कुणाला आता काही वाटतही नव्हतं, तिला तर नाहीच. पण अप्पा बोलले होते. तेवढ्यासाठी तिने हत्तीसुद्धा आणला असता.

बाजारातून ती दोन जड भांडी, छातीला बांधायचा पट्टा, लांब दोरी, खाणं ठेवायला घट्ट झाकणाचा पिंप आणि दोन प्रकारचे ब्रश घेऊन आली. संध्याकाळी निवाऱ्याच्या बाई घर बघायला आल्या.

बाई उंच, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मागच्या अंगणाचं कुंपण हाताने हलवून बघितलं. "हे अजून दोन फूट वर घ्या. आणि खालून दगड पुरा. ही जात खोदून पळते." मग कण्हेरीकडे बोट दाखवलं. "हे उपटा, विषारी आहे. वायरी उचलून घ्या. औषधं खाली कुठेही नकोत. डबी फोडून खातात. उंचावर, बंद कपाटात."

"गरमीचं काय?" ताईने विचारलं.

"एक खोली गार ठेवा. फरशीवर काही अंथरू नका. खिडक्या उघड्या, पंखा चालू, पडदे ओले. त्याला तेच लागतं."

घरात तशी एकच खोली होती, उत्तरेकडची, अप्पांची. ताई काही म्हणायच्या आत अप्पाच म्हणाले, "माझ्या खोलीत राहील तो."

बाईंनी अप्पांकडे बराच वेळ बघितलं. मग निघताना, फाटकापाशी, ताईला हळूच विचारलं, "वडिलांची तब्येत कशी असते?"

"हृदयाचा त्रास आहे. पण सांभाळून असतात."

"घरात तुम्ही दोघंच?"

"दोघंच."

बाईंना आणखी काही बोलायचं असावं. त्यांनी फाटकाची कडी उघडली, परत लावली, परत उघडली. "कागद तर झालेत," असं म्हणून त्या गेल्या. कुंपणाबद्दल एवढं बोलल्या, पण कुत्र्याच्या स्वभावाबद्दल त्यांनी एक शब्दही सांगितला नाही, हे ताईच्या लक्षात आलं. पण तिला वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

पुढचा आठवडा घरात कामाची झुंबड उडाली. अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसत आणि काठीने दाखवत. "ती फळी उलटी धरलीयेस... अगं, खिळा फळीला मार, बोटाला नको." शेजारच्या शिंपीणबाई भिंतीवरून डोकावून हसत. ताई त्यांना वहिनी म्हणायची. भिंतीपलीकडे खिडकीशीच त्यांचं शिवणयंत्र होतं, आणि या बाजूला काय चाललंय त्याची बित्तंबातमी त्यांना असे. "अप्पांचा आवाज ऐकून किती दिवस झाले होते," त्या म्हणाल्या. ताईने कपाळावरचा घाम पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

कुंपण वाढलं. दगड पुरले गेले. कण्हेर गेली. अप्पांच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून ठेवली, पडदे ओले करायला बादली आणून ठेवली. शुक्रवारी रात्री यादीतल्या एकेका ओळीवर खूण करत ताई शेवटच्या ओळीवर आली. औषधं. तिने अप्पांच्या उशाजवळची डबी उचलली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवली. तिलाही तिथे पोचायला स्टूल लागायचं.

"चार गोळ्या तुमच्या खिशात ठेवते उद्या," ती म्हणाली.

"ठेव गं. घाई काय आहे," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब आला, आणि त्या गडबडीत ते राहूनच गेलं.

घरात त्याच्यासाठी केलेली एकही गोष्ट साहेबाने धड बघितली नाही. भांड्यांना हुंगलं नाही, कुंपणाला फेरी मारली नाही. सरळ अप्पांच्या खोलीत गेला. अप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. त्याने पुढचे पाय त्यांच्या मांडीवर ठेवले आणि त्यांच्या छातीला कान लावावा तसं डोकं टेकलं. खूप वेळ. मग खाली उतरून त्यांच्या पावलांवर अंग टाकलं आणि डोळे मिटले.

"साहेबांनी अर्ज मंजूर केला," अप्पा म्हणाले, आणि ताई हसली.

तो भुंकत नसे. घशातून एक लांब, खालच्या पट्टीतला आवाज काढी, कुणी भिंतीपलीकडे बोलतंय आणि शब्द कळत नाहीत, तसा. दुपारी खोलीतून तो आवाज यायचा आणि मधूनमधून अप्पांचा. दोघांचं काहीतरी चाललेलं असायचं. खोली मात्र फारच गार पडली. नुसत्या ओल्या पडद्यांनी एवढा गारवा यावा याचं ताईला नवल वाटे. आत गेलं की ओल्या लोखंडासारखा वास यायचा आणि हातावर काटा उभा राहायचा. "तुम्हाला थंडी नाही वाजत?" ती विचारी. अप्पा पांघरूण ओढून घेत आणि मान हलवत.

असे दहा दिवस गेले. मग तो मंगळवार.

ताई कामावरून परतली तेव्हा फाटकाबाहेर, भर रस्त्यात, अप्पा उभे होते. काठी नव्हती. हातात दोरी, आणि साहेब त्यांच्या गुडघ्याला खांदा लावून.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो," अप्पा म्हणाले.

 कोपरा दोनशे पावलांवर होता. वर्षभरात अप्पा पायी अंगणापलीकडे गेले नव्हते.

"गुडघे?"

"काही नाही दुखत."

स्वयंपाकघरात टेबलावर गोळ्यांची डबी ठेवलेली होती. वरच्या खणातली. स्टूल जागच्या जागी, कोपऱ्यात.

"ही कुणी काढली?"

"मीच. हात पोचला." अप्पा दारात उभे होते. "परत ठेवून दे. आता नाही लागणार."

त्या रात्री ताईने बहुधा दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप काढली. बुधवार तसाच, गुरुवारही तसाच. अप्पा पहाटे उठून अंगण झाडत. कुंपणाची सैल फळी त्यांनी स्वतः ठोकली. वहिनींनी भिंतीवरून हाक मारली तर हात वर केला. ताई कामावर मेण ओतताना गाणं गुणगुणते आहे, असं तिच्या सोबतिणीने तिला सांगितलं. अप्पा आता बसत मात्र नव्हते. बघावं तेव्हा उभे, आणि साहेब त्यांना चिकटून, एका विताएवढंही अंतर न ठेवता. जेवायला बोलावलं तर म्हणत, "झालं माझं." बोलणं सगळं साहेबापुरतं. "त्याला मोठ्या दातांचा ब्रश आण." "त्याचं पाणी बदल." एकदा पाण्याचा पेला देताना तिच्या हाताला त्यांची बोटं लागली. गारठलेली होती. पण त्या खोलीत सगळंच गार होतं.

शुक्रवारी साहेबाला लस टोचायची होती. यादीतच होतं, पहिल्या पंधरवड्यात. ताईने अर्धी रजा टाकली आणि दुपारी छातीपट्टा घेऊन खोलीत गेली.

अप्पा खिडकीशी, पाठमोरे उभे होते.

"तासाभरात आणते त्याला."

"नको नेऊस."

"लस आहे, अप्पा. टाळून चालणार नाही."

"त्याच्याशिवाय मला..." ते थांबले. शब्द शोधत असल्यासारखे. "लवकर आण. फार वेळ नाही जमणार मला."

तिला हसू आलं, थोडी दयाही आली. साहेब जागचा हलेना. पाय रोवून बसला, नखं फरशीवर करकरली, घशातून तो आवाज काढत राहिला. तिने त्याला अक्षरशः ओढत दारापर्यंत नेलं. न्हाणीघरावरून जाताना तिची नजर आत गेली. कोनाड्यात अप्पांची कवळी ठेवायची वाटी. कवळी तिनेच केलेली, तिच्या हातची सगळ्यात चांगली. ती वाटीत होती. वाटीतलं पाणी पार आटून पांढरी कड राहिली होती.

अप्पा तर आता बोलत होते. स्वच्छ, एकेक अक्षर नीट. कवळीशिवाय त्यांच्या बोलण्यात हवा जायची, निम्मं कळायचं नाही. गेले तीन दिवस मात्र... तिने ते आठवायचा प्रयत्न केला. मग वाटलं, आल्यावर विचारू.

फाटक लावताना घरातून एक आवाज आला. ओलं पोतं जमिनीवर ठेवावं तसा. साहेबाने ओढणं थांबवलं आणि खाली बसला. आता त्याची काहीच हरकत नव्हती.

पन्नास मिनिटांत ती परत आली.

अप्पा खिडकीखाली पडले होते. डॉक्टर गल्लीतलेच, धावत आले. आले तसे गुडघ्यावर बसले, हात लावला आणि थांबले. दुसऱ्यांदा हात लावला. कोपर वाकवून बघितलं. अंग वळवून पाठ बघितली. मग उठून पंखा बंद केला.

"ताई, शेवटचं बोलणं कधी झालं?"

"आत्ता. तासाभरापूर्वी."

डॉक्टर तिच्याकडे बघत नव्हते. "तुम्हाला धक्का बसलाय. शांतपणे आठवा. यांना जाऊन तीन दिवस झालेत. निदान तीन. खोली गार म्हणून..." 

"काल त्यांनी अंगण झाडलं, डॉक्टर."

"मी पण बघितलं," दारातून वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "मला हात केला त्यांनी."

डॉक्टरांनी दोघींकडे बघितलं, कागद काढला आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते ताईने कधी वाचलं नाही. ती मनातल्या मनात मागे जात होती. शुक्रवार, गुरुवार, बुधवार, मंगळवार. मंगळवारी सकाळी ती कामावर गेली तेव्हा अप्पा खुर्चीत होते, बोळक्या तोंडाने "नीट जा" म्हणाले होते. त्यानंतर कधीतरी, भर दुपारी, त्यांच्या छातीत कळ आली असणार. त्यांनी उशाशी हात नेला असणार. मग कसेबसे स्वयंपाकघरापर्यंत आले असणार, आणि वर बघितलं असणार.

सगळं उरकलं. पाचव्या दिवशी निवाऱ्याच्या बाई आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"मी त्याला परत न्यायला आलेय."

"तुम्हाला माहीत होतं," ताई म्हणाली.

 "माहीत नव्हतं. ऐकलं होतं. आधीचा मालक एकटा राहायचा. दार फोडलं तेव्हा त्याला जाऊन अकरा दिवस झाले होते म्हणतात. कुत्रा मात्र धडधाकट. अंगाला ब्रश केलेला, भांड्यात ताजं पाणी. आणि शेजारी शपथेवर सांगत होते की आठव्या दिवशीसुद्धा दोघं फिरायला गेले होते." त्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली, उलगडली. "मी म्हटलं, लोक काहीही बोलतात. उगाच कशाला एका चांगल्या कुत्र्याचं घर जावं. वडिलांचं ऐकून माझ्या मनात आलं होतं सांगावं... नाही सांगितलं. माझं चुकलं."

साहेब ताईच्या पायाशी होता. अप्पा गेल्यापासून तो तिच्याच मागे. तिने खाली बघितलं. त्याने वर बघितलं.

"त्याने काही केलं नाही," ती म्हणाली. "गोळ्या मी वर ठेवल्या होत्या. त्याने फक्त त्यांना सोडलं नाही."

"ताई, ऐका माझं."

"ते तीन दिवस मला मिळाले नसते हो. आणि ओढून मीच नेलं त्याला." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "राहू दे इथे."

बाईंनी दोनदा समजावलं. मग मोकळी दोरी पिशवीत घालून निघून गेल्या.

ताई वेडी नव्हती. घर तिला खायला उठत होतं हे खरं, पण भीती तिलाही वाटत होती. अंधाराची नाही, कुत्र्याचीही नाही. तिला भीती एवढीच वाटे की आपल्याला कळणार नाही. अप्पांना कळलं होतं का? 'आता नाही लागणार' म्हणाले, तेव्हा त्यांना माहीत होतं? की नुसतंच बरं वाटत होतं?

म्हणून तिने वहिनींना गाठलं. "एक काम करा माझं. रोज सकाळी भिंतीपाशी या आणि माझी नाडी बघा. एवढंच."

"काहीतरीच काय," वहिनी म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी आल्या. ताईने भिंतीवरून हात पुढे केला, वहिनींनी सुईने टोचून खरखरीत झालेली बोटं मनगटावर ठेवली. "चालू आहे यंत्र," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मग तो रिवाजच पडला. पाऊस असो, सुट्टी असो. "चालू आहे यंत्र." ताई कामावर जायची, साहेबाचं पाणी बदलायची, त्याच्या अंगावरून मोठ्या दातांचा ब्रश फिरवायची. चार महिने असे गेले.

एका रविवारी, दुपारी, दिवाणखान्यातला दिवा बदलायला ती स्टुलावर चढली. एक पाय निसटला. फरशीवर डोकं आपटल्याचा आवाज तिने स्वतःच ऐकला, दुसऱ्या कुणाचं तरी डोकं असल्यासारखा. मग काही नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. साहेबाचं डोकं तिच्या छातीवर होतं. कान टेकून. ती उठून बसली. डोक्याला हात लावला, दुखलं नाही. कुठेच काही दुखत नव्हतं. फरशीवर थोडं सांडलेलं होतं, ते तिने पुसून घेतलं, फडकं धुऊन वाळत घातलं आणि दिवा बदलला. भूक नव्हती, म्हणून जेवली नाही.

सोमवारी सकाळी ती भिंतीपाशी गेली, तेव्हा साहेब तिच्या गुडघ्याला खांदा लावून चालत होता. वहिनी आल्या. ताईने हात पुढे केला.

वहिनींनी बोटं ठेवली.  बोटं जरा वर सरकवली. मग खाली. "दुसरा हात द्या बरं," त्या म्हणाल्या. ताईने दुसरा दिला. तिथेही तसंच. वहिनींचा चेहरा तिला दिसत नव्हता, त्या मनगटाकडेच बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे.

"लागली?" ताईने विचारलं.

"लागली," वहिनी म्हणाल्या. "...लागली. चालू आहे." हात सोडला, आणि पदराला बोटं पुसत, मागे न बघता आत गेल्या.

मंगळवारी ताई भिंतीपाशी उभी राहिली, हात पुढे करून. उन्हं वर आली. वहिनी आल्या नाहीत. आतून शिवणयंत्राचा आवाज मात्र येत होता, थांबून थांबून. ताईने हाक मारावी म्हणून खिडकीकडे बघितलं. खिडकीला पडदा लागला होता. जाड, काळ्या कापडाचा, रात्रीतून शिवलेला. गल्लीत सगळ्यात सुबक हात वहिनींचा, पण त्या पडद्याचे टाके वेडेवाकडे होते, एकावर एक पडलेले, आणि खालची कड चौकटीला खिळ्यांनी ठोकून टाकली होती.